शीर्षकातलं गाव

सरांनी ‘बेलगोटा’ या शब्दावर लाल शाईची एक सरळ रेघ मारली आणि कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

“गावाचं नाव शीर्षकात नको, प्रमिला.”

मी कागद उचलला. शोधनिबंध अर्थातच इंग्रजीत होता, पण इथे मराठीतूनच सांगते. माझं शीर्षक होतं, ‘बेलगोटा गावातील मुलांमधील दंतविकार आणि पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड’. त्याखाली सरांनी आपल्या बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मध्य भारतातील एका पाणलोट क्षेत्रातील भूजलाचे रासायनिक मूल्यमापन’.

ही शहाण्णव सालची गोष्ट. नागपूरला मी भूगर्भशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि डॉ. दिगंबर पिंपळापुरे माझे मार्गदर्शक होते. विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याचं नाव घ्या, तिथल्या जमिनीखाली कोणता खडक आहे हे ते डोळे मिटून सांगत. पहिल्याच वर्षी त्यांनी आम्हाला एक पूर्ण तास फक्त शीर्षकावर शिकवलं होतं. लेख हजार लोकांच्या डोळ्यांखालून जातो आणि दहा जण तो वाचतात, असं ते म्हणाले होते. त्या दहांना आत आणायचं काम शीर्षकाचं. म्हणून काय सापडलं, कशात सापडलं आणि कुठे सापडलं, एवढं त्यात आलंच पाहिजे. बाकीचा पसारा बाहेर.

त्यांच्या नव्या शीर्षकात यातलं काहीच नव्हतं. मी तसं म्हणाले. हे शीर्षक वाचून कुणालाही कळणार नाही की एका गावाची पोरं विषारी पाणी पिताहेत.

सर खिडकीकडे बघत राहिले. “नियम माझाच आहे,” ते म्हणाले. “तरीही नको.”

मला राग आला होता, पण तो दाखवायची आमच्यात पद्धत नव्हती. मी कागद घेतला आणि बाहेर पडले.

बेलगोट्याला मी दोन वर्षं जात होते. मोठ्या रस्त्यावर एसटीतून उतरायचं आणि पिशवीत प्लॅस्टिकच्या बाटल्या खुळखुळत चालत जायचं. गावात एक जुनी उघडी विहीर होती, ती उन्हाळ्यात आटायची. आणि हातपंप होते, ते कधीच आटायचे नाहीत. गाव पंपांचंच पाणी प्यायचं. दिसायला नितळ, चवीला गोड पाणी. प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जेमतेम निघालं आणि पंपांच्या पाण्यात मर्यादेच्या तिप्पट-चौपट.

पण प्रयोगशाळेच्याही आधी मला ते माणसांच्या तोंडात दिसलं होतं. गावातल्या म्हाताऱ्यांचे दात शुभ्र होते. त्यांची पाठ, मान, गुडघे मात्र आखडलेले. तरुणांचे आणि लेकरांचे दात तपकिरी, खडबडीत, कुठे कुठे खड्डे पडलेले. जणू गावातल्या वयांच्या मधोमध कुणी एक रेघ ओढली होती आणि त्या रेघेअलीकडे जन्मलेल्या प्रत्येकाच्या दातांवर डाग उमटला होता. ही रेघ पंप आले त्या सुमाराची असणार, एवढं मी ताडलं होतं. पंप नेमके कुणी आणि कसे बसवले, ते शोधायच्या भानगडीत मी पडले नव्हते. सरकारी काम, एवढं मला पुरेसं होतं.

शेवटचे नमुने घ्यायला गेले तेव्हा नेहमीप्रमाणे अंजनाबाई येरण्यांकडे उतरले. त्या सरपंच. नवीन आरक्षणात निवडून आलेल्या, पण नावापुरत्या सरपंच नव्हेत. ग्रामसेवकाला कागद वाचून दाखवायला लावत आणि न समजलेलं वाक्य पुन्हा वाचायला लावत. दात पक्के झाल्यावर, लग्न होऊन या गावात आल्या, त्यामुळे ते पांढरे. त्यांची मुलगी वनिता गावातच जन्मलेली. ती बारावी झालेली होती, गावची बालवाडी चालवायची, आणि माझ्याशी दोन वर्षं बोलूनही बोलताना ओढणीचं टोक ओठांवर धरायची. लेकरांना गाणी शिकवतानासुद्धा धरायची. त्यामुळे बालवाडीतली एक-दोन पोरंही गाताना तोंडावर हात ठेवत.

जेवताना मी सहज सांगितलं की लेख आता छापायला जाईल, आणि माझा आग्रह आहे की त्याच्या नावातच बेलगोट्याचं नाव यावं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल.

अंजनाबाईंनी भाकरीचा हात थांबवला. “नाव छापून येईन? आमच्या गावाचं?”

मी हो म्हटलं.

“नका करू, मॅडम.”

मग त्यांनी सांगितलं. मागच्या महिन्यात वनिताला पवनीकडचं स्थळ आलं होतं. पोरगा चांगला, घर चांगलं, पोहे झाले, चहा झाला. उठता उठता पोराच्या मावशीनं वनिताला जवळ बोलावलं, हनुवटी धरली आणि म्हणाली, जरा हस बाई. वनिता हसली नाही. मावशीनं पुन्हा सांगितलं, हस. तेव्हा ती हसली. परत निरोप आला नाही. हे सांगताना वनिता चुलीजवळच बसली होती, पण जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली आहे अशी राखेत काडीनं रेघा ओढत होती.

“आता तरी लोकायले वाटते, एका पोरीचं असन तसं,” अंजनाबाई म्हणाल्या. “छापून आलं का गावच लागलं रोगाले. मंग इथून कोन पोरगी नेईन आन् इथं कोन पोरगी देईन?”

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर पाच-सात माणसं जमली, त्यात लहानूजी भोयर होते. त्यांची मान वळत नसे, कुणाकडे पाहायचं तर ते पायांपासून सगळेच वळत. अंजनाबाईंनी विषय काढला. बहुतेकांचं मत त्यांच्यासारखंच पडलं. शेवटी लहानूजी सावकाश अंजनाबाईंकडे वळले.

“नाव नाई टाकलं तर नळ कोनाच्या गावाले येईन?”

“नळ येईन तवा येईन,” अंजनाबाई म्हणाल्या. “पोरीचं वय थांबून नाई राहत, मामाजी.”

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मी बाटल्या घेऊन परतले. सरांना नाव नको होतं, आता गावालाही नको होतं. सरळ नाव काढून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं वाटत होतं. पण त्या दुसऱ्या शीर्षकाखाली लेख छापला तर तो वाचनालयाच्या एखाद्या कपाटात शांतपणे मरेल, हेही दिसत होतं.

रविवारी सकाळी मी सरांच्या घरी गेले. ते अंगणात झाडांना पाणी घालत होते. पत्नी गेल्यापासून एकटेच राहायचे. मी त्यांना सगळं सांगितलं, वनिताचं, मावशीचं, लहानूजींचं. मग मीच म्हणाले, तुम्ही म्हणत होता तेच बहुधा बरोबर आहे, नाव नको. सरांनी नळ बंद केला आणि पायरीवर बसले.

“शाळेमागचा पंप अजून चालतो?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले, आणि मग लक्षात आलं की माझ्या नकाशात पंपांना फक्त आकडे होते. शाळेचा उल्लेख मी कुठेच केला नव्हता. आणि सर माझ्याबरोबर बेलगोट्याला एकदाही आले नव्हते. दर वेळी काहीतरी काम निघायचं.

सर म्हणाले, “ती जागा मी दाखवलेली आहे. सगळ्याच मी दाखवलेल्या आहेत.”

बहात्तरच्या दुष्काळात ते सरकारी खात्यात कनिष्ठ भूवैज्ञानिक होते. तिशीही गाठलेली नव्हती. खोल भोक पाडणारी यंत्रं नवीनच आली होती, आणि ती कुठे लावायची हे सांगायचं काम त्यांचं होतं. बेलगोट्याची विहीर तळ दाखवून बसली होती. बायका तीन कोसांवरच्या नाल्यात खड्डे करून वाटीनं पाणी भरत. सरांनी खडक पाहिला, खुंटी ठोकली, यंत्र चाललं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी उसळलं. बायकांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, मग सरांनाही लावलं. एका माणसानं त्यांना खांद्यावर उचलून घेतलं होतं.

“आयुष्यात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते, असं मी वीस वर्षं समजत होतो,” सर म्हणाले. “तू पहिले आकडे आणलेस त्या दिवसापर्यंत.”

म्हणून नाव खोडलं का, असं मी विचारलं.

सर म्हणाले, “खोडलं तेव्हा मला वाटत होतं, मी गावाची बदनामी टाळतोय. आता तू गावाचंही तेच म्हणणं आहे म्हणालीस, तर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. म्हणजे मी गावासाठी खोडलं नव्हतं.” मग उठत म्हणाले, “पुन्हा कधी जाणार आहेस? मी येतो.”

पुढच्याच आठवड्यात आम्ही गेलो. मोठ्या रस्त्यावरून गावाकडे चालताना सर दोनदा थांबले, एकदा दगड उचलून पाहिला आणि पुन्हा होता तिथे ठेवला.

शाळेच्या ओट्यावर तीच माणसं जमली. या वेळी काही बायकाही आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. वनिता आईच्या मागे बसली. मी सरांची ओळख करून देऊ लागले तर त्यांनी मला हातानं थांबवलं आणि स्वतःच सांगितलं. आडवळण घेतलं नाही. हे पंप मी दाखवलेल्या जागांवर बसले. त्यातल्या पाण्यानं तुमचे सांधे आखडले आणि पोरांचे दात गेले. खाली असलेला खडक हे विष पाण्यात सोडतो, आणि जितकं खोल जावं तितकं ते जास्त, हे आज आम्हाला कळतं.

लहानूजी पायांपासून वळले आणि सरांकडे पाहत राहिले. “तुमी ते चष्मेवाले साहेब,” ते म्हणाले. “तुमाले म्या उचललं होतं.”

सरांनी मान हलवली.

अंजनाबाईंनी विचारलं, “तवा तपासलं काहून नाई?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ग्रामसेवकाला न समजलेलं वाक्य विचारावं तसं विचारलं.

“तेव्हा पाणी आहे की नाही एवढंच पाहत होतो,” सर म्हणाले. “लागलं की पुढच्या गावाला. त्या वर्षी तपासायला वेळ नव्हता, हे खरं आहे. पुढच्या वीस वर्षांत होता. मी आलो नाही.”

अंजनाबाई उठून घरात गेल्या. मला वाटलं, बैठक मोडली. पण त्या पितळी तांब्या घेऊन आल्या आणि सरांच्या पुढे धरला.

“इहिरीचं आहे,” त्या म्हणाल्या. “पंपाचं नाई.”

सरांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. त्या दिवसांत विहिरीत फार पाणी नव्हतं, ते गाव जपून वापरत होतं, हे मला माहीत होतं. त्यांनाही कळलं असावं. त्यांनी थोडंच घेतलं आणि तांब्या लहानूजींकडे दिला.

मग शीर्षकाचा विषय निघाला. मी म्हणाले, गावाची इच्छा नसेल तर नाव येणार नाही, आमचं तसं ठरलं आहे. तेव्हा वनिता पहिल्यांदा बोलली. आईच्या मागूनच.

“काय लिहिलं होतं ते वाचून दाखवता काय?”

मी माझं शीर्षक मराठीतून वाचलं. मग सरांचं वाचलं. तिनं माझं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

“यात पयले गाव आहे, मंग आमी, मंग आमचे दात,” ती म्हणाली. “पानी सगळ्याच्या शेवटी आहे. हे आयकलं का असं वाटते, खराबी आमच्यातच आहे. पानी तर आमाले दिलं ना कोनीतरी.”

मी त्या शीर्षकावर महिनाभर घालवला होता. एकेक शब्द तोलला होता. त्यात काय आधी आणि काय नंतर आलंय, हे मला दिसलं नव्हतं. कारण वाचताना मी नेहमी टेबलाच्या अलीकडे, तपासणाऱ्यांच्या बाजूला बसलेली असायची.

“मंग काय लिहाव?” अंजनाबाईंनी लेकीला विचारलं.

“पंप पयले लिहा. कसे आले, ते लिहा. मंग गावाचं नाव राहू द्या.”

“नाव? आन् पोरी पाहाले येतीन त्यायचं काय?”

“ते आताही हसून दाखव म्हनतेत, आई.” बोलता बोलता ती पुढे सरकली होती, आणि ओढणी तिच्या मांडीवर होती. “पंप कुठचा आहे हेच नाई लिहिलं, तर पंप बंद कोन करन?”

अंजनाबाईंनी लेकीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, लिहा.

सरांनी खिशातून पेन काढलं. माझ्या वहीचं एक पान मांडीवर ठेवून ते लिहीत गेले, खोडत गेले, मधूनमधून वनिताला मराठीतून वाचून दाखवत गेले. शेवटी जे उरलं ते असं होतं, ‘दुष्काळात खोदलेल्या खोल हातपंपांतून येणारे फ्लोराइड: बेलगोटा येथील पिण्याच्या पाण्याचा अभ्यास’.

परतताना एसटीत मी म्हणाले, ‘दुष्काळात खोदलेल्या’ हे काढलं तर शीर्षक आटोपशीर होईल. रसायनाचा दुष्काळाशी काय संबंध? सर म्हणाले, तेवढं राहू दे. मी राहू दिलं, पण मनात एक बारीक शंका आली. वाटलं, एवढं सगळं कबूल करूनही माणूस स्वतःसाठी एक आडोसा ठेवतोच. दुष्काळ होता, म्हणून केलं, असं म्हणायला जागा. मी त्यांना ते कधी बोलून दाखवलं नाही.

त्यांनी लेखात आणखी एक वाक्य घातलं, पद्धतीच्या भागात. या हातपंपांच्या जागा प्रस्तुत लेखाच्या दुसऱ्या लेखकाने निश्चित केल्या होत्या. संपादकांचं पत्र आलं की हे वाक्य अप्रस्तुत आहे, काढावं. सरांनी कळवलं की वाक्य राहणार नसेल तर लेख परत पाठवावा. लेख वाक्यासह छापला गेला.

पुढे जे घडलं ते सावकाश घडलं. जिल्ह्याच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एक नवीन अभियंता आला होता. तो दुसऱ्याच कामासाठी शोधनिबंधांची सूची चाळत असताना त्याला शीर्षकात आपल्या जिल्ह्यातलं गाव दिसलं. त्यानं लेख मागवला, मग मला फोन केला, मग स्वतः बेलगोट्याला गेला. पुढच्या उन्हाळ्याआधी पंपांना लाल रंग लागला, हे पाणी पिऊ नये याची खूण. विहीर उपसून खोल केली गेली. नदीवरून नळ यायला आणखी काही वर्षं लागली, आणि तो पाहायला लहानूजी नव्हते. वनिताचं लग्न दोन वर्षांनी लाखांदूरकडच्या एका शिक्षकाशी झालं. तो बालवाडीच्या प्रशिक्षणात तिला भेटला होता. त्या लग्नाचा आमच्या लेखाशी काही संबंध नव्हता.

मला मात्र यातला एक दिवस सगळ्यात जास्त आठवतो. लेखाच्या छापील प्रती आल्या तेव्हा मी एक प्रत घेऊन बेलगोट्याला गेले. पंप तेव्हा अजून लाल झाले नव्हते, अजून काहीच बदललं नव्हतं. सर आजारी होते, म्हणून एकटीच गेले. अंजनाबाई दारात तूर निवडत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले आणि प्रत घेतली. आमचं गाव कुठं आहे, असं विचारलं. मी बोट ठेवलं. त्यांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि पोरी कुठं आहेत ते विचारलं.

“पोरी आत आहेत,” मी म्हणाले. “आकड्यांमध्ये. वरती कुणी नाही.”

त्यांनी मला पूर्ण ओळ सावकाश मराठीतून वाचायला लावली. मी वाचली. त्यांनी एक शब्द हेरला आणि तो कुठे आहे ते विचारलं. मी त्या शब्दावर बोट ठेवलं. ‘दुष्काळात’.

“हे चांगलं केलं साहेबायनं,” त्या म्हणाल्या. “वाचनाऱ्याले समजन तरी, आमी ते पानी काहून प्यालो.”